तीनावर पाच शून्यं

अठ्ठ्याण्णवच्या इलेक्शननंतर शिरूर स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघणाऱ्या ग्लॅडिसबाईंचा पेपर मागच्या बाकावरच्या आवाजानं हातातच राहिला.

"बन्यामीन, बापानं लढाईवरनं आणलेलं पिस्तूल नासवलं रं माझं!"

"कुणी, अल्लाबक्षमामा?"

"पोलीस ठाण्यातल्या क्लार्कनं! इलेक्शनपुरतं तिथं जमा केलं व्हतं. युरोपातल्या कंपनीनं फौजेला दाखवायला नमुन्याची पाचच पिस्तुलं केली. आपलं तिसरं, म्हणून नंबर नुस्ता तीन."

"मग?"

"त्याच्या फॉर्मात नंबराला चौकोन सहा! म्हणला, नंबर अर्धवट हाय. आन् मशिनीनं तीनावर पाच शून्यं कोरली. पाचातलं तिसरं पिस्तूल तीन लाखावं झालं!"

"आन् जुनी हत्यारं जमवणारे ते पुण्याचे डॉक्टर?"

"पयल्यांदा आले तवा भिंग लावून तासभर बघत व्हते. काल एकदाच बघितलं आन् चपला घातल्या."

"मग शून्यं घासून टाका की, मामा."

ग्लॅडिसबाईंच्याही ओठावर तेच आलं होतं.

"तेच इचारलं त्याला. तर तोच क्लार्क मला म्हणतो, 'चाचा, नंबर खोडलेलं हत्यार घरात सापडलं, तर आत जाल!'"