सकाळी सातची शिट्टी

श्यामसुंदर : हा रेडिओ सेट परत ने, आलिमा. माझाच अँटेना काढायला सोसायटीने रविवारपर्यंतची मुदत दिलीय. गच्चीवर सोलर बसणार आहे म्हणे.

आलिमा : अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले, परवा चाळिसावा झाला, काका. त्यांचा सेट भंगारवाल्याला द्यायला मन धजेना, म्हणून खराडीहून इथे कोथरूडला आणला. तुमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या हॅम क्लबात कुणी घेईल ना?

श्यामसुंदर : क्लबात पाच जण उरलोय. त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही.

आलिमा : पूर्वी मुलं यायची की. मीपण परवान्याची परीक्षा दिली होती, सोळाव्या वर्षी.

श्यामसुंदर : आणि परवाना हातात पडल्यावर लॅपटॉप घेऊन आलीस. तुमच्या पिढीला बोलायचं नव्हतंच. कॉम्प्युटरने कॉम्प्युटरशी बोलायचं आणि तुम्ही मध्ये बसून चहा प्यायचा.

आलिमा : अगदी हेच वाक्य. रेडिओवर, सगळ्यांसमोर म्हणाला होतात. सगळे हसले. त्यानंतर मी माइक धरला नाही. माझ्याबरोबरची मुलंही एकेक करून यायची थांबली.

श्यामसुंदर : थट्टा होती ती.

आलिमा : हो. तुमच्यासाठी.

श्यामसुंदर : तुझा बाप तरी कुठे टिकला? पस्तीस वर्षं सकाळी सातला आमची हवेत गाठ. तो भवानी पेठेतून, मी इथून. तुझ्याकडे राहायला गेला आणि एकदम गप्प. मी रोज हाक मारत होतो. दोनदा फोन केला, तर तू म्हणालीस, अब्बा झोपलेत. गुडघे धड असते तर येऊन भांडलो असतो.

आलिमा : झोपले नव्हते. पार्किन्सनने आवाज गेला होता. तोंडातून नुसती हवा यायची. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना.

श्यामसुंदर : मग मोर्स होतं की. आम्ही दोघं त्यातच वाढलो.

आलिमा : हात थरथरायचा. एका टिंबाची चार व्हायची. कीबोर्डवर एक बोट तेवढं चालायचं. शेवटी एक दिवस टाइप करून दाखवलं, तुझं ते लॅपटॉपचं जोडून दे. मी बाल्कनीतून अँटेनाची वायर सोडली. टाइप केलेलं शिट्टीसारखं हवेत जातं, आणि समोरच्याने आपल्या सेटला कॉम्प्युटर जोडला की स्क्रीनवर अक्षरं दिसतात. रोज सकाळी सातला बसायचे. तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर.

श्यामसुंदर : कसली शिट्टी? बारीक, थरथरल्यासारखी?

आलिमा : हो.



श्यामसुंदर : ऐकत होतो मी. वाटलं, कुणी कॉम्प्युटरवालं कार्टं आमच्या बँडवर, आमच्याच जागेवर येऊन बसलंय. शिव्या घालायचो त्याला. रोज.

आलिमा : अब्बांना ऐकू यायच्या. तुम्ही शिव्या घालायला लागलात की माझ्याकडे बघून बोट वर करायचे. पोचतंय, म्हणून.

श्यामसुंदर : तू एक फोन करायचा होतास गं.

आलिमा : पहिल्या आठवड्यात करणार होते. त्यांनी माझ्या हातातला फोन खाली ठेवायला लावला. लिहिलं, श्याम ओळखेल. पुढे मलाच वाटायला लागलं, काका ओळखूनही बोलत नाहीत. मग मीही हट्टाने सांगितलं नाही. माझा जुना राग होता, काका. तो मी तुमच्यावर काढला, भोगला त्यांनी.

श्यामसुंदर : काय लिहायचा?

आलिमा : एका ओळीला दहा मिनिटं लागायची. बहुतेक दिवशी एवढंच असायचं. श्याम, आवाज नाही, पण मी आहे.

श्यामसुंदर : किती दिवस चाललं हे?

आलिमा : सात महिने. शेवटचं चार फेब्रुवारीला. पाचला पहाटेच हॉस्पिटलमध्ये नेलं, ते परत आलेच नाहीत.

श्यामसुंदर : ती टेबलावरची वही घे. रोजची नोंद असते माझी. पाच फेब्रुवारी काढ.

आलिमा : काढलं.

श्यामसुंदर : वाच.

आलिमा : राहू दे ना, काका.

श्यामसुंदर : वाच म्हणतो ना.

आलिमा : "सकाळी सात. कटकट गेली एकदाची. आज बँड स्वच्छ."