टेकाडातला प्रतापरावांचा थर

...आणि वर रिक्षावाला विचारतो, "सार्, महाराष्ट्रदिंद बंद्रा?" महाराष्ट्रातून आलात का म्हणे! आता मला सांगा, ज्याच्या पणजोबांच्या पणजोबांचेसुद्धा याच बेंगळुरात पिंड पडले, त्याला हे विचारायचं? पण विचारतात हो, रोज विचारतात! फोनवर बायकोशी चार शब्द मराठीत बोलले की झाले पाहुणे! प्रतापरावांचं उत्तर ठरलेलं, "साडेतीनशे वर्षं इथलेच आम्ही, अण्णा!" रिक्षावाला आरशात हसतो... पुरावा कुठाय?

म्हणून हेब्बाळकडं, त्यांच्या घरामागचंच टेकाड खणतायत, जुन्या वस्तीचे थरावर थर निघतायत म्हटल्यावर प्रतापराव टोपी घालून निघालेच. जमनाबाई म्हणाल्या, "अहो, एवढ्या उन्हाचं? तुमचा थर काय पळून जातोय?"

खड्ड्याच्या काठावर उत्खननवाली वेदिका, डोक्याला टॉवेल, हातात ब्रश. "सर, स्वल्प मागं... घसरलात तर तुमचाच एक थर व्हायचा!" मग दाखवायला लागली. तळाशी दगडी हत्यारं, वर काळी-तांबडी खापरं, त्यावर राख...

"हा आमचा?"

"नाही सर, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा."

"मग वर चला की! साडेतीनशे वर्षं इथलेच आम्ही!"

वर बघतात तर काय, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं! तुम्हाला सांगतो, गुटखा थुंकून गेलेल्याला थर आहे, आणि प्रतापरावांना नाही!

"आणि मधला हो?"

"मधला गेला, सर. प्लॉट पाडून लेआउट झालं तेव्हा लोकांनी ट्रॅक्टर लावून माती नेली. घराच्या भरावाला. ते बघा ना, ते पिवळं घर..."

प्रतापरावांनी बघितलं. पिवळं घर, गच्चीवर हिरवी टाकी, दोरीवर... त्यांचाच लेंगा!

आणि सगळं आठवलं हो! ट्रॅक्टरवाला म्हणत होता, "सार्, मातीत खापरं येतायत." आणि हे कमरेवर हात ठेवून, "येऊ दे रे! घट्ट बसतं! टाक अजून!"

घरी आले, तर जमनाबाई दारातच. "सापडला थर?"

"सापडला."

"कुठाय?"

"आपल्या न्हाणीघराखाली."

आता बोला! पुरावा काढायचा तर घर पाडा, घर ठेवायचं तर पुराव्यावर रोज अंघोळ करा! साडेतीनशे वर्षं इथलेच... पण दाखवणार काय, मोरी?

दुसऱ्या दिवशी यशवंतपूर स्टेशनहून परत येताना रिक्षावाल्यानं विचारलंच, "सार्, महाराष्ट्रदिंद बंद्रा?" प्रतापराव बाहेर बघत म्हणाले, "हो अण्णा... कालच आलो."

"सरी सरी," बरं बरं म्हणाला तो, आणि त्यांना त्यांच्याच घरी लांबच्या रस्त्यानं घेऊन गेला!