सुगंधावहिनींना दिलेलं शून्य

आमचं मूळ गाव कणकवलीकडे, पण जन्म माझा करी रोडच्या चाळीतला. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, चाळ राहिली, आणि तिथल्याच चाळींमधून मी आरोग्यसेविका म्हणून फिरते. पोलिओचे डोस, बाळंतिणी, टीबीच्या गोळ्या, सगळं केलं, पण दोन वर्षांपूर्वी बघितलं ते काय सांगू तुम्हाला.

डॉक्टर मॅडम एक फॉर्म घेऊन आल्या, मनाचा आजार ओळखायचा. बाहेरच्या देशात बनलेला, मराठी करून आणलेला. तो आपल्या माणसांना लागू पडतो का, ते तपासायचं होतं. मी बायकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारायचे, मार्क मांडायचे, मग मॅडम माझा कागद न बघता त्याच बाईशी तासभर बोलायच्या, आणि नंतर दोन्ही जुळवून बघायचं.

आमच्या शेजारच्या सुगंधावहिनी. विचारलं, उदास वाटतं का, तर म्हणाल्या, उदास होवक येळ खंय आसा गो? आवडीच्या गोष्टींत रस कमी झालाय का, तर हसल्याच, माझी आवड आजपर्यंत कोणी इचारल्यान? मीही हसले आणि खुशाल शून्य मांडलं, म्हणजे आजार नाही. मॅडम तासभर बोलून बाहेर आल्या. म्हणाल्या, वासंतीताई, यांना आजार आहे, वाढलेला आहे, जगणं नकोसं झालंय त्यांना. रोज सकाळी विरजण मागायला येणारी बाई, आणि मी शून्य लिहिलं.

मॅडम मला रागावल्या नाहीत. प्रश्न चुकलाय, म्हणाल्या. मग आम्ही सेविका बसलो, बायका खरं काय बोलतात ते आठवत. मी म्हटलं, आमच्या बाईला आवड विचारू नका, गणपतीला गावी जायची ओढ आहे का विचारा. मॅडम म्हणाल्या, आणि जिला गावच नाही तिला? असं करत करत वाक्य सापडलं: पूर्वी ज्याची वाट बघायचात, त्याची अजून वाट बघावीशी वाटते का?

पुन्हा घरोघर गेलो, नव्या बायकांकडे. हे एवढं वाचलं की हातातलं लाटणं थांबायचं, खरंच थांबायचं. नाही वाटत, म्हणायच्या, आणि मग बोलतच राहायच्या. मॅडमचं आणि माझं उत्तर जुळायला लागलं. जन्मभर बोलते ती भाषा, तिच्या साध्या शब्दांत एवढं बळ, माझ्या अंगावर काटा यायचा, आताही येतो बघा.

सुगंधावहिनींचं औषध तेव्हाच सुरू झालं. आता बऱ्या आहेत, पूर्ण नाही. मी दारात गेले की बोलायला लागतात, थांबत नाहीत, माझी पुढची दोन घरं राहून जातात. राहू देत. बोलू देत त्यांना.