अर्ध्या तुळशीचा फोटो

एक व्हती मी, एक माझी नात मीरा अन् एक लग्नानंतर हरवलेली माझी मैतरीण गंगू.

मीरानं माझ्या अन् गंगूच्या माहेरची, शिरड शहापूर गावाची वेबसाइट काढली. खाली कुणीबी लिहावं, पण फोटो लावायचा न्हाई.

“काहून गं?”

“आजी, लोकं नुसती गुड मॉर्निंगची फुलं टाकतील.”

“मंग मला लिहिता येत न्हाई, गंगूला हाक कशी मारू?”

मीरानं फोटोची सोय केली. मी हातावर गोंदलेल्या तुळशीचा फोटो टाकला. लहानपणी आमी दोघी संगंच गोंदायला बसलो व्हतो. गंगूची अर्धी तुळस झाली अन् ती रडत पळाली.

फुलं तर ढीगभर आली. त्यात एक दिवस सुरकुतलेला हात दिसला, त्याच्यावर अर्धीच तुळस.

“मीरे, रडूबाई सापडली गं!”

गंगू आली, अन् माझ्या घरात माझं माहेर नांदून राहिलं.