वाकड्या उताराचे पाच मार्क

—नाही हो काकासाहेब, पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मिळेल, लिहूनच ठेवलाय, पण टेका की जरा बाकावर. बैलं सोडली नाहीत? पाथर्डीहून कोल्हारच्या उसाच्या फडावर जायचं, तीन मुक्काम तरी पडणार, ठाऊक आहे मला – आणि तुळशीचं लग्न झालं की तुमच्या कडूचंही उरकणार, म्हणजे नवरा-बायको मिळून ऊसतोडीचा एक कोयता पुरा! अहो, आत्ता कुठं पंधरावं लागलंय तिला. सहामाहीत पास झाली तर आजीपाशी ठेवीन म्हणाला होतात ना? – हो, नापासच आहे. शास्त्रात. पस्तीस लागतात, बत्तीस पडले.

आणि गणित होतं पाच मार्कांचं – हा बघा तिचा पेपर, वाचता नाही आलं तरी हा लाल भोपळा दिसतोय ना? तो मीच दिलाय. दगड दहा मीटर उंचीवरनं वाकड्या, गुळगुळीत उतारानं घसरला, खाली वेग किती? मी शिकवलेलं सूत्र लावायला गेलं तर पानभर आकडेमोड, तरी उत्तर नाही. हिनं दोन ओळी लिहिल्या – वर उंचीमुळं जेवढी ऊर्जा, तेवढीच खाली वेगाची. ती कुठं हरवत नाही, नुसतं रूप बदलते. दगड हलका असो, जड असो, वाट सरळ असो, वाकडी असो – सेकंदाला चौदा मीटर. बरोबर? बरोबरच की! मला कळायला दोन दिवस लागले.

मग भोपळा का? पेपर तपासायच्या आधी हेच गणित फळ्यावर सोडवत होतो, तर भर वर्गात म्हणाली, सर, तुमचं सूत्र सरळ उताराचं, हा तर वाकडा – पोरं हसली हो! मी इतिहासाचा बी.ए., शास्त्राला माणूस मिळेना म्हणून हेडमास्तरांना सांगून बसलो, येतं मला. नोकरी हंगामी. निकाल रजिस्टरात चढलाय, आता खाडाखोड करायची तर कारण लिहावं लागतं – काय लिहू? मास्तरलाच येत नव्हतं? लाज वाटते काकासाहेब, रोज वाटते, पण घरी चार तोंडं आहेत…

काय? हेच हेडमास्तरांपुढं सांगू? आत्ता? – नाही, तसं नाही, तुमच्या ऐकण्यात काहीतरी… अहो, तिला कशाला हाक मारताय! राहू द्या ना तिला बाहेर—

ये, कडू. वडील विचारतायत, तुझं ते गणित बरोबर होतं का म्हणून.

चूक होतं. अशी बघू नकोस माझ्याकडं. चूक होतं. – काकासाहेब, इथं अंगठा टेकवा. निघा आता, माझा तास आहे.