हातावरचं दही

मी इथलीच, इंदूरची, वडील मिलमध्ये क्लर्क होते, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, म्हणून माझी भाषा अशी खिचडी, सांभाळून घ्या ताई. लग्न होऊन राजेंद्र नगरात आले, हे गेल्यावर साड्यांना फॉल-पिको करायला बसले, ती अजून बसलेलीच आहे. एकच मुलगा, निलेश, फौजेत. सून पल्लवी सियागंजमध्ये एका थोक, म्हणजे होलसेल दुकानात कंप्यूटरवर बिलं करते, म्हणून नात दिवसभर माझ्याजवळ. गार्गी, दुसरीत आहे.

तर काय सांगू तुम्हाला, निलेश सुट्टीवर आलेला आणि सुट्टी संपायच्या आधीच बुलावा आला, बॉर्डरवर गडबड आहे, तुरंत निघा. मी पराठे बांधतेय, ऑटोवाला दारात हॉर्न मारतोय. आमच्यात कोणी लांब निघालं की हातावर दही घालतात, ते चाटायचं आणि निघायचं, निलेश दर वेळी असाच गेला आणि दर वेळी सुखरूप आला. त्या दिवशी फ्रिज उघडला तर पातेली रिकामी. मी ओरडले, अरे दही कोणी संपवलं, आणि वाटी घेऊन शेजारच्या सोनीजींकडे पळाले, त्यांच्याकडेही नाही, मग साखरच ठेवली हातावर, तो हसला, चलेगा आई म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून पोरगी गप. पोह्यांवर सेवसुद्धा नको, इंदूरचं लेकरू सेव नको म्हणतंय म्हणजे बघा. टीव्हीवर बातम्या लागल्या की कान झाकून पलंगाखाली. मला वाटलं, बापाची आठवण येत असेल. मग म्हणाली, आजी, विरजण मी लावणार, आणि रोज लावायला लागली, सारखं झाकण उघडून बघायची, लागलं का, लागलं का. शेवटी एकदा मला सुईत दोरा ओवून देता देता रडायलाच लागली, आजी, ते दही मी खाल्लं होतं, साखर घालून, पापाला काही झालं तर माझ्यामुळे ना?

मी म्हटलं, नाही गं बाळा, ती नुसती रीत आहे, दह्यानं काय होतंय. तर म्हणते कशी, मग तू वाटी घेऊन सोनी आंटीकडे कायको पळालीस? खरं सांगू, मला पण भीती वाटते. ती रिकामी पातेली माझ्याही डोक्यातून जात नाही.

निलेशचा फोन आला तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं. तो म्हणाला, इथं लंगरमध्ये, म्हणजे आमच्या मेसमध्ये, दही मिळतं बेटा, मी खातो. ही विचारते, पण हातावर कोण ठेवतं? तो काहीतरी बोलला आणि नेटवर्क गेलं. त्यानंतर फोन नाही. पल्लवी म्हणते, वर पहाडात टॉवर नसतात आई, येईल, पण ती स्वतः मोबाइल बाथरूममध्येसुद्धा घेऊन जाते.

आता आमच्या घरातून दह्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. पल्लवी दुकानात निघाली, दही. दूधवाल्या भियाला पण दही, तो हसतो, अम्माजी, मेरा ही दूध मुझे ही खिला रही बिटिया. संध्याकाळी पल्लवी परत आली की गार्गी दारातच म्हणते, बघ आजी, आली ना. मी अडवत नाही तिला. देव सगळ्यांची लेकरं घरी आणो, आपली पण, बॉर्डरच्या पलीकडच्यांची पण.

साडी घेऊन निघालात? थांबा, ती वाटी घेऊन आलीच बघा. हात पुढे करा ताई, नको म्हणू नका, आणि रुमालाला पुसू नका, ती बघतेय. घरी पोचलात की एक फोन करा. मी तिलाच देते.