सगळ्या सशांतला काळा ठिपका

तुम्ही हसा खुशाल, पण अर्धा तास का होईना, एक नवी पेशी माझ्या नावावर होती!

मध्य भारत राज्य नवं, प्रयोगशाळेतली माझी नोकरी त्याहून नवी. फॉर्मॅलिनमध्ये राखलेल्या सशाच्या प्लीहेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतील तशा कागदावर काढायच्या. घरी तान्ही मुलगी, त्यामुळे निम्मा जीव तिकडे.

डॉक्टरसाहेबांनी चित्रं पाहिली. "बाई, हा काळा ठिपका काय? हर एक सशात आहे!"

"दिसला, म्हणून काढला," मी म्हटलं. मनात म्हटलं, गेली नोकरी.

पण साहेब खूश! "कमाल है! ही पेशी तर कुणीच नोंदवली नाही!"

ते स्वतः डोळा लावून बसले. काप सरकवला, ठिपका हलेना. डोळा लावायचं वरचं भिंग फिरवलं, तर ठिपकाही त्याच्याबरोबर गरगर फिरला.

साहेबांनी मान वर केली. डोळ्याभोवती काजळाचं कडं! सकाळी मुलीला लावताना मी स्वतःच्याही डोळ्यांत भरलेलं, तेच भिंगाला लागलं होतं.

मी रडायच्या बेतात.

साहेब रुमालानं डोळा पुसत म्हणाले, "मेलेल्या सशांना कसली नजर लागणार, बाई? उद्यापासून काजळ फक्त मुलीला."